रूथ की योना: वैयक्तिक मननासाठी कोणते पुस्तक आधी?

रोजच्या मननासाठी बायबलच्या जुन्या करारातील रूथ हे पुस्तक घ्यावे की योना, असा प्रश्न मंडळीतील एका भगिनीने विचारला. दोन्ही पुस्तके चार अध्यायांचीच आहेत. मात्र रूथमध्ये ८५ वचने आहेत, तर योनामध्ये ४८, म्हणून वेळेच्या दृष्टीने योना सोपे.

खरा फरक देव कसा भेटतो यात आहे. संदेष्टा योना याच्याशी परमेश्वर थेट बोलतो, वादळ पाठवतो, त्याला गिळायला मासा नेमतो. रूथमध्ये तो एकदाही प्रत्यक्ष बोलत नाही. दुष्काळ, वैधव्य, परक्या शेतात सरवा वेचणे आणि शेतमालक बवाजाची माणुसकी यांतूनच त्याचा हात ओळखावा लागतो. ज्यांच्या प्रार्थनेला अजून उत्तर मिळालेले नाही, त्यांना हे पुस्तक जवळचे वाटते, कारण ‘मला नामी नव्हे, मारा (म्हणजे कडू) म्हणा’ असे म्हणणाऱ्या रूथच्या सासूची कटुता त्यात लपवलेली नाही.

चुकीचा बोध घेण्याचा धोका दोन्हीकडे आहे. रूथ केवळ आज्ञाधारक सुनेची गोष्ट ठरते आणि ती मवाबी, म्हणजे परकी होती, हे विसरले जाते. योनाचे वाचन माशापाशीच थांबते. वास्तविक गाभा चौथ्या अध्यायात, निनवे शहराला क्षमा मिळाल्यावर योनाला आलेल्या रागात आहे, आणि पुस्तक देवाच्या प्रश्नावरच संपते.

शोकात किंवा प्रतीक्षेत असणाऱ्याने रूथ घ्यावे. कोणाला क्षमा करणे जड जात असेल, तर योना, आणि तोही शेवटच्या अध्यायापासून.