आठ महिने फक्त फोनवरून अटॅचमेंट पाठवल्यावर

लॅपटॉप बंद पडल्यापासून, म्हणजे गेले आठ महिने, कामाच्या सगळ्या मेल मी फोनवरूनच पाठवते. अँड्रॉइड फोन, जीमेलचं अॅप. बिलं, करारनामे, सह्या केलेली पानं, सगळं त्यावरूनच.

सुरुवातीला वाटायचं की फाइल जोडणं अवघड आहे. खरं तर अवघड असतं ते फाइल सापडणं. पेपरक्लिपवर टॅप केलं की अलीकडच्या फायलींची यादी उघडते आणि त्यात नुसत्या आकड्यांची नावं. दोनदा माझ्याकडून जुनं बिल गेलं. तेव्हापासून मी उलटं करते. आधी फाइल उघडते, हीच ती हे बघते आणि तिथूनच शेअर करून जीमेल निवडते. यात एक अडचण आहे. अशाने नवी मेल उघडते, चालू मेलला उत्तर देताना याचा उपयोग नाही. तिथे पेपरक्लिपच लागते, म्हणून कामाच्या फायलींना मी हाती आल्या आल्या नीट नाव देऊन ठेवते, म्हणजे शोधलं की सापडतात.

सगळ्यात जास्त मनस्ताप आकारानं दिला. जीमेलची मर्यादा 25 एमबी. माझी फाइल 16 एमबीची होती, म्हणून निर्धास्त पाठवली, तर समोरच्या कार्यालयाच्या सर्व्हरवरून परत आली. त्यांची मर्यादा 20 एमबी होती. मग 16 कशी बसली नाही? मेलची व्यवस्था मुळात मजकुरासाठी बनलेली. फाइल पाठवताना तिची अक्षरं करावी लागतात आणि त्यात दर 3 बाइटचे 4 होतात. म्हणजे माझी 16 ची फाइल वाटेत 21 च्या वर गेली होती. कागद जमा करायची शेवटची तारीख दुसऱ्याच दिवशी होती. हे आधी कुणी सांगितलं असतं तर ती रात्र वाचली असती, म्हणून इथे मुद्दाम लिहितेय.

25 च्या वर गेलं की जीमेल फाइल ड्राइव्हवर टाकून लिंक पाठवतं. सोय चांगली आहे, पण परवानगी बघितल्याशिवाय पाठवू नका. माझ्या एका लिंकवर समोरच्याला फाइल दिसलीच नाही, नुसती परवानगीची विनंती माझ्याकडे आली, आणि ती मी संध्याकाळी पाहिली.

कागदांचे फोटो जोडणं मी पूर्ण सोडलं. ड्राइव्हच्या अॅपमध्ये कॅमेऱ्यानं स्कॅन करता येतं, सगळ्या पानांची एकच पीडीएफ होते. बारा पानांचे फोटो 40 एमबीच्या आसपास भरायचे, तीच पानं काळ्यापांढऱ्या स्कॅनमध्ये 3 च्या आत आली. शिवाय वाचणाऱ्याला बारा फायली उघडाव्या लागत नाहीत.

बहिणीकडे आयफोन आहे. तिचे फोटो हेइक प्रकारात येतात, काही ठिकाणी ते उघडतच नाहीत. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' केल्यावर जेपीजी यायला लागले. तिथलं मेल अॅप मोठ्या फायलींसाठी मेल ड्रॉप वापरतं, म्हणजे फाइल इंटरनेटवर ठेवून तिची लिंक पाठवतं, 5 जीबीपर्यंत, पण ती लिंक 30 दिवसच चालते. जपून ठेवायच्या कागदांना मी तो मार्ग वापरू देत नाही.

आता माझा क्रम ठरलाय: आधी फाइल, मग मजकूर, पत्ता सगळ्यात शेवटी. अर्धवट मेल जाण्याची भीतीच नाही. आणि पाठवल्यावर 'सेंट'मध्ये जाऊन ती अटॅचमेंट स्वतः उघडून, शेवटच्या पानापर्यंत बघते.