घरातला धाक ओळखायला शिकवणारा कोर्स: दुसरा भाग अव्वल, पाचवा पुन्हा करायला हवा

समुपदेशक, अंगणवाडी पर्यवेक्षिका, आशा गटप्रवर्तक, पोलीस ठाण्यातल्या महिला कक्षातल्या हवालदार. थोडक्यात, बाई पहिल्यांदा तोंड उघडते तेव्हा समोर बसलेल्यांसाठी हा ऑनलाइन कोर्स आहे. सहा भाग, मिळून नऊ तास, फी १,२०० रुपये, भाषा मराठी. मूळ मजकूर इंग्लंडचा, त्यावर इथल्या चमूने सराव घातलेत. हा सांधा काही ठिकाणी घट्ट बसलाय, काही ठिकाणी चक्क निखळलाय.

आधी शब्दाचं. ‘कोअर्सिव्ह कंट्रोल’ला कोर्सभर ‘सक्तीचे नियंत्रण’ म्हटलंय. कागदावर ठीक आहे, पण टेबलापलीकडची बाई असं कधी बोलत नाही. ती म्हणते, ‘धाकात ठेवलंय’, ‘विचारल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही’, ‘मारत नाही हो, पण…’ या ‘पण’नंतरचं ऐकायला दुसरा भाग फार छान शिकवतो.

त्यातला वहीचा सराव बघा. पडद्यावर घरखर्चाच्या वहीचं एक पान येतं: कोथिंबीर १५, दूध ३३, रिक्षा ४०. शेजारी वेगळ्या अक्षरात, लाल पेनाने: ‘निघाली ५.१०, आली ६.०५. एवढा वेळ?’ यातली हिंसा कुठली, असा प्रश्न. घाईत बोट ‘आर्थिक’वर पडतं. बरोबर उत्तर त्या वेळेच्या नोंदीत आहे. पैशाचा हिशेब पुष्कळ घरांत मागतात, मिनिटांचा मागितला की कान टवकारायचे. पुढच्या तीन पानांवर त्याच वहीतला घराबाहेरचा वेळ कमी कमी होत जातो आणि चौथ्या पानावर ती बाहेर पडतच नाही. एकेक घटना क्षुल्लक, रांग लावली की गळफास. हे इतक्या नेमकेपणाने दाखवणारं प्रशिक्षण मराठीत विरळाच.

तिसरा भाग कायद्याचा, आणि तिथे घसरतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१५ च्या कायद्याच्या कलम ७६ ने असं नियंत्रण हा स्वतंत्र गुन्हा केला, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. आपल्याकडे तसा वेगळा गुन्हा नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ३ मधल्या शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक छळात ते बसवावं लागतं. कोर्स हे एका स्लाइडवर उरकतो. शिवाय दोन चुका आहेत. सासू-नणंदेविरुद्ध अर्ज करता येत नाही असं एका प्रश्नाचं उत्तर दिलंय. अर्ज कोणाविरुद्ध करता येतो हे सांगणाऱ्या कलमातून सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्येच ‘प्रौढ पुरुष’ हे शब्द काढलेत. आणि क्रूरतेसाठी सगळीकडे जुन्या दंड संहितेचं कलम ४९८-अ चालवलंय, १ जुलै २०२४ नंतरच्या घटनांना भारतीय न्याय संहितेची कलमं ८५-८६ लागतात. जुन्या घटनांना जुनं कलम, एवढं वाक्य टाकलं असतं तरी भागलं असतं.

चौथा भाग, धोका जोखण्याचा, दुसऱ्याइतकाच भक्कम. गळा दाबण्यावर सबंध वीस मिनिटं दिलीत, तेच योग्य. ‘गळा दाबला का?’ याला बाई नाही म्हणते. ‘नरडं धरलं का, उशी दाबली का, श्वास कोंडला का?’ याला हो म्हणते. वळ बऱ्याचदा दिसतच नाही. म्हणून बसलेला आवाज, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके, त्या वेळी लघवी सुटणं हे विचारायचं, आणि काहीही आढळलं तर जबाब नंतर, दवाखाना आधी. घर सोडल्यानंतरचे दिवस जास्त धोक्याचे, हेही ठसवून सांगितलंय.

पाचव्या भागात, फोन आणि पैसा, सल्ला उलटा पडू शकतो. ‘व्हॉट्सॲपमधली जोडलेली उपकरणं काढून टाका, लोकेशन बंद करा’ असं सरळ सांगतात. पाळत एकदम तुटली की नवऱ्याला कळतं, आणि त्याच रात्री मार पडू शकतो. आधी स्क्रीनचे फोटो दुसऱ्या फोनवरून काढायचे, कुठे जायचं ते ठरवायचं, मग हात लावायचा. आधार आणि बँकेला जोडलेला नंबर कोणाचा, हा प्रश्न तर नाहीच. लाडकी बहीणचे १,५०० रुपये तिच्या खात्यात येतात खरे, पण मेसेज त्याच्या फोनवर आणि एटीएम कार्ड त्याच्या खिशात असेल तर खातं नावालाच तिचं.

सगळ्यात मोठी उणीव लिहिण्याची आहे. ओळखलं, पुढे काय? डीआयआर, म्हणजे कौटुंबिक घटनेचा अहवाल, नमुना १, हातात देऊन भरायला लावायला हवा होता. त्यात घराबाहेर जाऊ न देणं, ठरावीक माणसांना भेटू न देणं, पगार काढून घेणं यांचे रकाने आहेत. फोन तपासण्याचा वेगळा रकाना नाही, ते ‘इतर’मध्ये तारीख-वेळेसह लिहावं लागतं. नुसत्या खुणा केल्या की दंडाधिकाऱ्यांसमोर सुटे तुकडे जातात, रांग दिसत नाही. कोर्टाकडे करायच्या मागणीचंही तेच. ‘त्रास देऊ नये’ एवढाच आदेश मिळाला तर भंग सिद्ध करताना दमछाक होते. त्याच २००५ च्या कायद्याच्या कलम १८ खाली फोन-मेसेजवरून संपर्क नको, बँक खाती आणि लॉकर परस्पर वापरायचे नाहीत, असं नावानिशी मागता येतं; भंग झाला तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद, २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सुरक्षा योजनेचा नमुना ५ या कायद्याच्या नियमांतच आहे, कोर्सने मात्र इंग्लंडचा तक्ता भाषांतर करून दिलाय. त्यात शेजारीण नाही, माहेर नाही, १८१ ही महिला हेल्पलाइन सुद्धा नाही.

सहावा भाग स्वतःची काळजी वगैरे. ऐकला नाही तरी चालेल.

एक गोष्ट आयोजकांनी आजच बदलावी. आठवणीचा मेसेज कोर्सच्या पूर्ण नावासह बंद स्क्रीनवर झळकतो. शिकणाऱ्यांतल्या काहीजणी स्वतः त्याच घरात राहतात. ‘झटपट बाहेर’ हे बटण हवामानाचं पान उघडतं, पण ब्राउझरचा इतिहास तसाच राहतो. तोवर नोंदणी ऑफिसच्या नंबरावरून करा आणि भाग ऑफिसच्या संगणकावरच बघा.