लहान कुक्कुटपालकांची घरपोच अंडी : एका वर्षाचा अनुभव

लहान कुक्कुटपालकांच्या एका गटाकडून दर आठवड्याला घरपोच अंडी घेण्याला आता वर्ष पूर्ण झाले. या सेवेची पद्धत अशी, की ग्राहकाने तीन महिन्यांचे पैसे आगाऊ भरायचे, आठवड्याला किती अंडी हवीत ते कळवायचे आणि ठरलेल्या वारी ती दारात यायची. गटातील कोणाकडे शंभर कोंबड्या आहेत, कोणाकडे तीनशे. संकलन, तपासणी आणि वाटप ही कामे ते मिळून करतात. गटाची सभासदयादी सध्या भरलेली आहे, त्यामुळे गटाचे नाव देऊन कोणाला नुसते ताटकळत ठेवण्यात अर्थ नाही. मात्र अशा सेवा आता निरनिराळ्या ठिकाणी उभ्या राहत आहेत आणि त्यांतली एखादी निवडताना काय पाहावे, कशाची अपेक्षा धरावी आणि कशाची धरू नये, हे घेणाऱ्याला आधी माहीत असावे असे मला वाटते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पहिला ट्रे आला तेव्हा अंडी एकसारखी नव्हती. काही फिकट तपकिरी, काही जवळजवळ पांढरी, दोन अगदी लहान. ती तलंगांची, म्हणजे नुकत्याच अंडी देऊ लागलेल्या तरुण कोंबड्यांची होती, हे मला नंतर समजले. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो, पोषणावर नाही, त्यामुळे या सरमिसळीत वावगे काही नाही. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने तारीख आणि पाळणाऱ्याचा क्रमांक लिहिलेला होता. त्या दिवशी सर्वांत जुने अंडे चार दिवसांचे निघाले. तारखेवर नुसता विश्वास न ठेवता मी सगळी अंडी पाण्याच्या भांड्यात सोडून पाहिली. अंड्याच्या कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून ओलावा हळूहळू बाहेर जातो आणि बोथट टोकाकडची हवेची पोकळी वाढत जाते. त्यामुळे ताजे अंडे तळाशी आडवे पडते आणि जसजसे जुने होते तसतसे ते उभे राहू लागते. बाराच्या बारा अंडी तळाशी आडवी पडली होती.

अंडी धुतलेली नसतात, कोरड्या फडक्याने पुसलेली असतात, आणि एखाद्यावर विष्ठेचा डाग राहिलेला दिसतो. काहींना हे खटकेल. न धुण्यामागे कारण आहे: कवचावर एक नैसर्गिक पातळ आवरण असते, ते छिद्रे झाकते आणि धुतल्याने जाते. धुवायचेच असेल तर वापरण्याच्या वेळी आणि कोमट पाण्याने धुवावे, कारण गार पाण्यात अंड्याच्या आतला भाग आकसतो आणि बाहेरचे जंतू छिद्रांतून आत ओढले जाऊ शकतात. तरीही डाग असलेली अंडी वेगळी काढण्याचे काम गटाने अधिक काटेकोरपणे करायला हवे, हे मी त्यांना दोनदा कळवले आहे.

सातव्या आठवड्यात एक अंडे सपशेल नासके निघाले. त्यावरची तारीख दोनच दिवसांपूर्वीची होती, म्हणजे ती तारीख खरी नव्हती. मी तक्रार केली. उत्तर यायला पाच दिवस लागले, आणि एवढ्या लहान व्यवस्थेत हा उशीर मला मान्य होण्यासारखा नाही. पण जे उत्तर आले ते सरळ होते. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीने गवतात आडोसा धरून अंडी घातली होती, ती काही दिवसांनी सापडली आणि पाळणाऱ्याने सापडल्याची तारीख घातली. अंडी घालण्यासाठी ठेवलेल्या पेटीबाहेर सापडलेली अंडी विकायची नाहीत आणि प्रत्येक अंडे उजेडावर धरून तपासल्याशिवाय ट्रेमध्ये ठेवायचे नाही, असा नियम त्यानंतर झाला. पुन्हा असे अंडे आलेले नाही. उघड्यावर फिरणाऱ्या कोंबड्यांच्या अंड्यांत हा धोका राहतोच, आणि ज्या गटाकडे तपासणीची पद्धत नाही त्याच्याकडून अंडी घेऊ नयेत.

गटाच्या माहितीपत्रकाबद्दलही एक आक्षेप आहे. बलक जितका जर्द तितके अंडे पौष्टिक, असे त्यात छापले आहे, आणि ते बरोबर नाही. बलकाचा रंग खाद्यातील रंगद्रव्यांवर अवलंबून असतो. पिवळा मका किंवा हिरवा चारा खाल्ला की तो गडद होतो, आणि मोठे उत्पादक खाद्यात झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क मिसळून हवी ती छटा आणू शकतात. म्हणजे ज्या गोष्टीत मोठा उत्पादक सहज बरोबरी करतो, तीच हा गट आपले वेगळेपण म्हणून पुढे करतो आहे. ज्यांच्याकडे दाखवण्यासारखे खरोखर पुष्कळ आहे त्यांनी असा कच्चा दावा करावा, याचे मला वाईट वाटते.

या सेवेची खरी परीक्षा झाली ती दिवस लहान झाले तेव्हा. मी आठवड्याला बारा अंडी नोंदवली होती. एका आठवड्यात नऊ आली, पुढच्या आठवड्यात सात. ट्रेसोबत चिठ्ठी होती. कोंबडीला अंडी देत राहायला दिवसाला साधारण १४ ते १६ तास प्रकाश लागतो. तो कमी झाला की अंडी घटतात, आणि त्याच सुमारास जुनी पिसे झडून नवी येऊ लागली तर काही आठवडे अंडी जवळजवळ थांबतात, कारण शरीरातली प्रथिने पिसांकडे वळतात. मोठ्या बंदिस्त शेडमध्ये दिव्यांचे वेळापत्रक असते, कोंबड्यांच्या तुकड्या वेगवेगळ्या वयाच्या ठेवलेल्या असतात, म्हणून दुकानातल्या फळीवर वर्षाचे बाराही महिने सारखीच अंडी दिसतात. ती सलगता आपल्याला इतकी अंगवळणी पडली आहे, की अंड्यांनाही हंगाम असतो हेच आपण विसरलो आहोत. गटाने दोन पर्याय दिले होते: राहिलेल्या अंड्यांचे पैसे परत घ्या, किंवा तुटीची नोंद ठेवून दिवस मोठे झाल्यावर ती अंडी घ्या. मी दुसरा पर्याय निवडला. पुढे उन्हे वाढली तशी ट्रेमध्ये बारांच्या जागी चौदा, पंधरा अंडी येऊ लागली आणि तिमाही संपेपर्यंत दोन अंडी वगळता सगळा हिशेब पुरा झाला. त्या दोन अंड्यांचाही उल्लेख शेवटच्या चिठ्ठीत होता.

आगाऊ पैशांचे महत्त्व मला सुरुवातीला नीट कळले नव्हते. अंड्याच्या उत्पादनखर्चात खाद्याचा वाटा ६० ते ७० टक्के असतो. अंडी देणारी एक कोंबडी दिवसाला सुमारे ११० ग्रॅम खाद्य खाते, म्हणजे दोनशे कोंबड्यांना रोज २२ किलो लागते, मग त्या दिवशी अंडी विकली जावोत वा न जावोत. त्यातून पिलू आणल्यापासून पहिले अंडे मिळेपर्यंत १८ ते २० आठवडे नुसते खाऊ घालावे लागते. हा पैसा लहान पाळणाऱ्याकडे नसतो. तो व्यापाऱ्याकडून खाद्य उधारीवर उचलतो, आणि ज्याच्याकडून उधारी घेतली त्यालाच, तो सांगेल त्या दराने, अंडी विकावी लागतात. मोठ्या उत्पादकाचे उबवणी केंद्र स्वतःचे, खाद्याचा कारखाना स्वतःचा, वाहने आणि विक्रीही स्वतःची. बाजारात भाव पडला तर एका ठिकाणचे नुकसान तो दुसऱ्या ठिकाणी भरून काढतो. लहान पाळणाऱ्याला अशी दुसरी जागाच नसते. कंपनीशी करार करून मांसल कोंबड्या पाळणाऱ्याला पिल्ले, खाद्य आणि औषध कंपनीकडून मिळते खरे, पण शेड, वीज आणि कष्ट त्याचे असतात आणि पुढची बॅच कधी टाकायची हे कंपनी ठरवते. शेड रिकामी राहिली तरी तिच्यासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते थांबत नाहीत. लहान पाळणाऱ्याला दोन पैसे जास्त दर दिला की आपले काम झाले, असे मलाही पूर्वी वाटायचे. वर्षभर हा व्यवहार जवळून पाहिल्यावर माझे मत बदलले आहे. त्याला सर्वांत जास्त गरज आहे ती ठरलेल्या ग्राहकाची, जो भाव वर गेला किंवा खाली आला तरी दर आठवड्याला तेवढीच अंडी घेतो आणि त्याचे पैसे खाद्य भरण्याच्या वेळी हातात देतो.

गट वर्षातून दोनदा सभासदांना शेड दाखवतो. मी गेले त्या घरी दारातच जंतुनाशकाच्या पाण्याची उथळ टाकी होती आणि कोंबड्या पाळणाऱ्या बाईंनी आमची पादत्राणे बदलून घेतली. ज्यांच्या स्वतःच्या घरी कोंबड्या होत्या त्यांना तर त्यांनी आत येऊच दिले नाही. हे मला फार आवडले. शेडमध्ये डोळ्यांना झोंबणारा वास नव्हता. त्यांनी खालच्या गादीतले मूठभर तूस उचलून माझ्या हातात दिले आणि दाबायला सांगितले. मूठ उघडताच ते भुरभुर सुटले. त्याचा गोळा झाला असता तर गादी ओली आहे, अमोनिया धरणार आणि कोंबड्यांना खोकला लागणार, असे त्यांनी समजावले. भिंतीवर खिळ्याला टांगलेली एक वही होती: रोजचे खाद्य, रोजची अंडी, मरतूक, मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस कधी दिली त्याची तारीख. एका पानावर लागोपाठ तीन दिवस मरतुकीचे आकडे होते आणि शेजारी लिहिले होते, ‘मुंगूस. जाळी बदलली.’ ज्या पाळणाऱ्याच्या वहीत असे पान असते त्याच्यावर माझा विश्वास बसतो.

मध्यंतरी बर्ड फ्लूच्या बातम्या आल्या आणि ओळखीच्या अनेकांनी अंडी घेणेच बंद केले. अशा वेळी मोठा उत्पादक माल शीतगृहात ठेवू शकतो किंवा प्रक्रियेकडे वळवू शकतो. लहान पाळणाऱ्याकडे मात्र अंडी साचत जातात आणि कोंबड्यांचे खाणे चालूच राहते. गटाने त्याच संध्याकाळी सर्वांना कळवले, की कोणत्याही शेडमध्ये असामान्य मरतूक झालेली नाही, भेटी बंद केल्या आहेत, आणि अंडे बलक घट्ट होईपर्यंत शिजवावे, कारण ७० अंश सेल्सिअसपर्यंत आतून नीट शिजलेल्या अन्नात हा विषाणू टिकत नाही. त्यांनी भीतीची टिंगल केली नाही की खोटी हमीही दिली नाही, आणि ज्यांना अंडी नको होती त्यांचे आठवडे पुढे ढकलून दिले.

ज्या घरात दर आठवड्याला अमुक इतकी अंडी लागतातच, ज्यांना सगळी अंडी एका मापाची हवीत, किंवा तीन महिन्यांचे पैसे आधी अडकवणे ज्यांना परवडत नाही, त्यांना ही सेवा सोयीची नाही; शेवटच्या अडचणीवर तरी गटाने महिनेवारी भरण्याचा मार्ग काढायला हवा. बाकीच्यांनी आपल्या जवळ असा गट असेल तर पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: अंड्यावरची तारीख कशाची, तूट आली तर हिशेब कसा, आणि शेड पाहायला मिळेल का. उत्तरे सरळ मिळाली तर निदान दोन तिमाही टिकून राहावे, कारण पहिली तूट येताच ग्राहक निघून गेला, तर पाळणारा पुन्हा उधारीच्या खाद्याकडेच जातो. मी पुढच्या तिमाहीचे पैसे भरले आहेत. दिवस लहान व्हायला आता थोडाच अवकाश आहे, म्हणून बारांऐवजी दहाच अंडी नोंदवली आहेत, आणि माहितीपत्रकातली बलकाची ओळ काढण्याची विनंती लेखी दिली आहे.