उपकरणाला प्राधान्य की रांगेचे नियोजन?
घरात कोणी मोठी फाइल अपलोड करू लागले की दुसऱ्याच्या व्हिडिओ कॉलचा आवाज तुटतो, कारण मोडेमच्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) पॅकेटांची, म्हणजे डेटाच्या छोट्या तुकड्यांची, लांबलचक रांग साचते. अनेक राउटरांत मिळणारा उपकरणनिहाय प्राधान्यक्रम लावायला सोपा असला, तरी एकाच लॅपटॉपवर कॉल आणि बॅकअप एकदम चालू असतील, तर तो निरुपयोगी ठरतो. याउलट ओपनडब्ल्यूआरटी या राउटरसाठीच्या मुक्त प्रणालीवरील एसक्यूएम (स्मार्ट क्यू मॅनेजमेंट, म्हणजे रांगेचे नियोजन), विशेषतः २०१८ मध्ये लिनक्सच्या ४.१९ आवृत्तीत आलेली ‘केक’ पद्धत, प्रत्येक प्रवाहाला स्वतंत्र रांग देऊन कॉलची छोटी पॅकेटे अडू देत नाही; मात्र त्यासाठी वेगमर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या साधारण ९० टक्के ठेवावी लागते आणि वेगवान जोडणीवर स्वस्त राउटरचा प्रोसेसर अपुरा पडतो. तरीही माझी पसंती एसक्यूएमलाच आहे. जोडणी क्वचितच पूर्ण भरत असेल, तर दोन्हींची गरज नाही.