ठाण्यातलं शिकारी माशांच्या खाद्याचं दुकान: काय घ्यावं, काय टाळावं

ठाणे पश्चिमेला गोखले रोडलगतच्या गल्लीतलं हे अ‍ॅक्वेरियमचं दुकान. फिल्टर, दिवे, वाळू सगळीकडे मिळते तशीच इथेही आहे. खरं पाहण्यासारखं आहे ते मागचं शिकारी माशांचं खाद्य. माल काढण्याआधी मासा कुठला आणि केवढा, हे विचारतात. विचारायलाच हवं. मरळ, ऑस्कर, अरोवाना शिकार अख्खी गिळतात, त्यामुळे तिच्या लांबीपेक्षा अंगाची उंची महत्त्वाची. ती माशाच्या उघड्या तोंडाहून बरीच कमी असावी. शिकार बहुधा डोक्याकडून गिळली जाते, म्हणजे पंखांचे काटे मागे दुमडतात. शेपटीकडून गेली की तिलापियाचे काटे घशात रुततात. इथे तिलापियाची पिल्लं फीडर, म्हणजे खाऊ घालायचे जिवंत मासे, म्हणून ठेवत नाहीत, हे उत्तम.

फ्रीजरमधला माल सर्वांत भरवशाचा. सोललेली करंदी सपाट पाकिटात गोठवलेली असते, हवी तेवढी मोडून घेता येते, वर तारीखही असते. तरी पाकीट चाचपून बघा: आत बर्फाचे मोठे खडे असतील किंवा सगळ्याचा एकच गोळा झाला असेल, तर माल मध्येच वितळून पुन्हा गोठलेला आहे. तो घेऊ नका. ब्लडवर्मचे, म्हणजे बारीक लाल अळ्यांचे, गोठवलेले क्यूब लहान पिल्लांनाच घ्या. मोठ्या ऑस्करच्या तोंडात त्यातलं थोडंच जातं, बाकी वाळूत कुजतं.

जिवंत फीडरचे दोन टँक आहेत. गप्पी विक्रीआधी दोन आठवडे वेगळ्या ठेवतात. घ्यायच्याच असतील तर त्या घ्या. शेजारचे गोल्डफिश मात्र अजिबात नकोत. टँक खच्चून भरलेला असतो, आणि अशा गर्दीतून व्हाइट स्पॉट आणि अँकर वर्म हे माशांवरचे परजीवी घरी येतात. त्याहून वाईट म्हणजे गोल्डफिशच्या अंगात थायमिनेज नावाचं एन्झाइम असतं. ते जीवनसत्त्व ब१ मोडतं, आणि महिनोन्महिने तेच खाणारा मासा अशक्त होतो, तोल जाऊन तिरका पोहू लागतो. गोठवल्याने थायमिनेज नष्ट होत नाही, त्यामुळे मारून फ्रीजरमध्ये ठेवण्याचाही उपयोग नाही. इतकी समज असलेल्या दुकानाने हा टँक बंद करावा.

ऑस्करला जिवंत मासेच लागतात असं गिऱ्हाईकं धरून चालतात. नदीतला ऑस्कर कीटक, कोळंबी, गोगलगाईही भरपूर खातो. पेलेट, म्हणजे खाद्याच्या कोरड्या गोळ्या, आणि करंदीवर तो छान वाढतो. पेलेट घेताना तरंगणारे की बुडणारे, हे सांगा: अरोवानाचं तोंड वर वळलेलं, त्याला तरंगणारे, तळाच्या कॅटफिशला बुडणारे, तेही दिवा मालवल्यावर.

जिवंत खाद्याची सवय झालेला मरळ मेलेली करंदी आधी ओळखतच नाही, कारण तो हालचालीवर झडप घालतो. धडधाकट, मोठ्या माशाला दोन-तीन दिवस उपाशी ठेवा. करंदी वाटीत वितळवा, सुटलेलं पाणी फेकून द्या, नाहीतर अमोनिया वाढतो. मग लांब चिमट्यात तुकडा धरून त्याच्यासमोर झटके देत फिरवा. असा चिमटा दुकानात मिळतो, टोकं बोथट असलेलाच घ्या. पाच मिनिटांत न खाल्लेलं जाळीने काढा. वाढीच्या पिल्लांना दिवसातून दोनदा, पूर्ण वाढलेल्यांना एक दिवसाआड पुरे.

पाकिटं साध्या पिशवीत देतात. घोडबंदरकडे लांब जायचं असेल तर माल वितळू नये म्हणून थर्माकोलचा डबा बरोबर न्या.