झेब्रा डॅनिओ, आठ-नऊ महिन्यांनंतर: टाकी लांब घ्या, उंच नको

दिवाळीनंतर आणलेले झेब्रा डॅनिओ गणपतीपर्यंत मजेत आहेत, तेव्हा आता लिहायला हरकत नाही. आम्ही ठाण्यात राहतो. पाणी महापालिकेचं, टाकी तीन फुटी (३६ × १२ × १५ इंच, काठोकाठ भरली तर साधारण १०५ लिटर), मासे बारा.

दुकानात हा मासा ‘याला काही होत नाही’ म्हणून विकतात. काटक आहे हे खरंच. त्यात मोठा झाला तरी जेमतेम चार सेंटिमीटर, त्यामुळे घेणाऱ्याला वाटतं छोट्या काचेच्या भांड्यात भागेल. नाही भागत. डॅनिओ दिवसभर पोहतो आणि तेही आडवा, वरच्या थरात, या काचेपासून त्या काचेपर्यंत. म्हणून लिटरपेक्षा आधी लांबी बघा. उंच, देखणी, चौकोनी टाकी त्याच्या फारशा कामाची नाही. दोन फूट हे कमीत कमी. खरी गंमत तीन फुटांत दिसते. फिल्टरच्या धारेकडे तोंड करून सगळे ओळीने उभे राहतात, धारेबरोबर मागे वाहत जातात आणि झपकन पुन्हा पुढे येतात. हा खेळ तासन् तास चालतो.

दुसरा मुद्दा संख्येचा. दुकानदार ‘जोडी न्या’ म्हणतो, ऐकू नका. दोन-तीनच असले तर त्यातला दांडगा बाकीच्यांना हुसकत राहतो आणि मार खाणारा कोपरा धरून बसतो. आठ-दहाच्या घोळक्यात पाठलाग थांबत नाही, पण एकाच्याच वाट्याला येत नाही. आमची आई रोज मोजायला बसते आणि सात-आठवर नाद सोडते. “एका जागी थांबतील तर ना मेले!”

हीटर घेतला नाही, लागलाही नाही. हा मासा मूळचा आपल्याच उपखंडातला, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातले संथ ओहोळ आणि भातखाचरं हे त्याचं घर. शास्त्रीय वर्णन १८२२ सालचं, तेही गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवरून. ठाण्याच्या थंडीची त्याला काय मातब्बरी! जपावं लागतं ते मे महिन्यात. पाणी ३१ अंशांवर गेलं की त्यातला प्राणवायू कमी होतो आणि सतत पळणाऱ्या माशाला तो जास्त लागतो. पाण्याच्या पृष्ठभागावरून टेबलफॅनचा वारा सोडला, दोनेक अंश उतरले. वीज गेली तर म्हणून बॅटरीवरचा एअर पंप ठेवलाय.

फॅन लावताना झाकण काढलंत तर जाळी नक्की टाका. हे उडी मारतात, आणि वायरसाठी ठेवलेली फटही त्यांना पुरते.

देखभाल साधीच. मासे आणण्याआधी टाकी काही आठवडे चालवून फिल्टरमध्ये जिवाणू वाढू द्यायचे, नाहीतर अमोनिया साचतो. मग आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलायचं, नव्या पाण्यात अँटीक्लोरीन (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं औषध) टाकायचं. फिल्टरचा स्पंज नळाखाली कधी धुवू नका, टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळा.

अंडी घालतात, पहाटे दिवा लागला की. जाडजूड पोटाची मादी पुढे, सडपातळ नर मागे. घातलेली अंडी लगेच खाऊनही टाकतात. पिल्लं हवी असतील तर तळाशी काचेच्या गोट्यांचा थर द्या, अंडी फटींत पडून वाचतात. दोन-तीन दिवसांत फुटतात. हीच पारदर्शक अंडी आणि झटपट वाढ यांमुळे हा मासा जगभरच्या प्रयोगशाळांत आहे, मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेतसुद्धा. बाजारात मिळणाऱ्या चमकत्या गुलाबी-हिरव्या डॅनिओंचं मूळही प्रयोगशाळेतच: सिंगापूरमध्ये १९९९ साली जेलीफिशचं जनुक घालून हिरवे चमकणारे मासे तयार केले होते. मला ते बघवत नाहीत. निळ्या-सोनेरी पट्ट्यांत काय कमी आहे?

फायटर, एंजल, गप्पी असे लांब परांचे मासे सोबत ठेवू नका. पर कुरतडले जातात, आणि खाणं टाकलं की हे बहाद्दर बाकीच्यांना पोहोचूच देत नाहीत. तळाला वावरणारे कोरीडोरास चालतात, मात्र त्यांच्यासाठी बुडणाऱ्या गोळ्या वेगळ्या टाकाव्या लागतात.

शांत, डोळ्यांना निववणारी टाकी हवी असेल त्यांनी हा मासा घेऊ नये. तक्रार एकच, फोटो निघत नाहीत. फोन सावरेपर्यंत काचेसमोर नुसतं पाणी उरतं, म्हणून इथे एकही जोडलेला नाही.