छोटं ३०१८ सीएनसी मशीन: आठ महिने वापरून झाल्यावर

लाकडावर गणपती कोरायचा म्हणून हे कॉम्प्युटरच्या हुकमावर कोरणारं मशीन बघत असाल, तर माझा अनुभव तुमच्या फारसा कामाचा नाही. मी ते एकाच कामासाठी घेतलं. दुधी ॲक्रिलिकवर गडद रंग द्यायचा, त्या रंगातून जेमतेम ३ मिलिमीटर उंचीची अक्षरं कोरायची आणि मागून उजेड सोडायचा. बाकी सगळं काळं आणि अक्षरं तेवढी पेटलेली. विमानाच्या कॉकपिटमध्ये रात्री दिसतात तशी.

मी बँकेत नोकरी करते. विमानांशी माझा संबंध एवढाच, की कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून उडालेलं विमान आमच्या गच्चीवरून दिसतं, आणि रात्री जेवणं आटोपली की मी कॉम्प्युटरवर बोइंग ७३७ विमान उडवते. रेडिओची फ्रिक्वेन्सी माउसनं बदलायचा कंटाळा आला, तेव्हा हाताला लागणारं खरंखुरं पॅनेल करायचं डोक्यात घेतलं. आधी एका दुकानात लेसरवर करून घेतलं होतं. रंग उडाला, पण अक्षरांच्या कडा पिवळट जळल्या आणि दिवा लावल्यावर 'स्टँडबाय' हा शब्द हळद लागल्यासारखा दिसायला लागला. लेसरवर चांगलं काम करणारे असतीलही, मला भेटले नाहीत. मग १६,५०० रुपये मोजून हे मशीन ऑनलाइन मागवलं.

३०१८ हे कंपनीचं नाव नाही. बेडचं माप आहे: ३०० बाय १८० मिलिमीटर. एकाच आराखड्याची मशीन्स पन्नास जण विकतात. दोन पायलटांच्या मधल्या चौथऱ्यावर जी रेडिओची पॅनेल्स असतात त्यांची रुंदी ठरलेली असते, १४६ मिलिमीटर म्हणजे पावणेसहा इंच. ती १८० मध्ये आरामात बसतात, म्हणून मी मोठ्या मशीनच्या नादी लागले नाही. माझ्या कामापुरता हा हिशेब बरोबर निघाला. बाकीचे बरेच चुकले.

खोक्यातून सुटे भाग येतात. जोडायला एक रविवार गेला. नवरा त्याला तेव्हापासून शिलाई मशीन म्हणतो, आणि आवाज ऐकलात तर तुम्हीही म्हणाल. एका मोटरची वायर पहिल्या दिवसापासून खराब होती. विकणाऱ्यानं अकराव्या दिवशी उत्तर दिलं, तोवर मी तीच वायर बाजारातून ऐंशी रुपयांत आणून लावली होती.

सोबत दहा टूल्सची, म्हणजे कोरायच्या टोकदार पात्यांची, डबी येते. सगळी २० अंशांच्या कोनाची, टोक ०.१ मिलिमीटरचं. पहिलं पॅनेल मी त्यांनीच कोरलं आणि अक्षरं केसासारखी बारीक आली. दिवा लावला तरी चष्मा लावल्याशिवाय वाचता येईनात. डोकं खाजवत बसले, मग कागदावर हिशेब केला. रेघेची रुंदी म्हणजे टोकाची रुंदी, अधिक खोलीमुळे दोन्ही बाजूंना वाढलेली. ०.२ मिलिमीटर खोल गेलं की २० अंशांचं टूल ०.१७ मिलिमीटरची रेघ काढतं. ३ मिलिमीटरच्या अक्षराला रेघ हवी ०.४ च्या आसपास. ती टूल्स सर्किट बोर्डाच्या बारीक रेषांसाठी असतात, आपल्यासाठी नाहीत. ६० अंशांचं, ०.२ टोकाचं टूल वेगळं मागवा. तेवढ्याच खोलीवर ०.४३ ची रेघ मिळते.

आणि इथंच मशीनचा खरा कस लागतो. २० अंशांच्या टूलची खोली ०.१ नं इकडेतिकडे झाली तर रेघ ०.०३५ नं बदलते, डोळ्याला कळत नाही. ६० अंशांना तीच चूक ०.११५ होते. तिपटीहून जास्त! म्हणजे एकाच पॅनेलवर डावीकडचा 'टेस्ट' बारीक आणि उजवीकडचा 'ऑफ' जाडजूड. दिवसा चालून जातं. अंधारात मागून उजेड आला की एक शब्द ओरडतो आणि शेजारचा कुजबुजतो.

माझ्या बेडच्या दोन कोपऱ्यांत ०.३५ मिलिमीटरचा फरक होता. कोरायचं ०.२ आणि बेड तिरका ०.३५, म्हणजे एका टोकाला टूल हवेत फिरणार. विकत घेताना हे कोणी सांगत नाही. जाहिरातीत अचूकता म्हणून जो आकडा देतात तो मोटरच्या पावलांचा असतो, बेडच्या सपाटीचा नाही.

मी ॲक्रिलिकचा तुकडा घेऊन उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, गेले. तिथं एका लेथवाल्या काकांनी तो उजेडात तिरका धरला आणि विचारलं, "ताई, डायल लावून बघितलं का?" नाही म्हटल्यावर हसले. "मग मशीनला कशाला शिव्या घालताय? बेडवर एमडीएफची फळी मारा, आणि ती फळी त्याच मशीनवर तासून घ्या. मशीन वाकडं असू दे, फळी त्याच्यासारखीच वाकडी होईल. मग दोघांचं जमतंय." उंचीतला बारीक फरक मोजायचं डायल गेज आणि स्टँड दोन दिवसांसाठी दिलं. पैसे घेतले नाहीत. "पॅनेल झालं की दाखवायला आणा," एवढंच म्हणाले.

फळी तासल्यावर फरक ०.०६ वर आला. निम्मं दुखणं तिथंच गेलं.

उरलेलं निम्मं ॲक्रिलिकचं. शीटची जाडी सगळीकडे सारखी नसते, दुहेरी टेपनं चिकटवताना एखादा कोपरा वर राहतो. मशीनबरोबर कॅन्डल नावाचं सॉफ्टवेअर येतं, त्यात पृष्ठभागाचा नकाशा काढायची सोय आहे. टूल ठिकठिकाणी खाली येऊन टेकतं, उंची नोंदवतं, आणि कोरताना तेवढं खालीवर होतं. अडचण अशी, की टेकल्याचं त्याला कळतं ते वीज वाहिली तर. तांब्याच्या बोर्डावर कळतं. ॲक्रिलिकवर कुठून कळणार? टूल सरळ आत घुसतं. एक पॅनेल मी असंच भोसकलं.

तोडगा स्वयंपाकघरात सापडला. पोळ्या गुंडाळायची ॲल्युमिनियम फॉइल पॅनेलवर पसरायची, ओल्या फडक्यानं बोटांनी दाबत सपाट करायची, कडेला टेपनं ताणून चिकटवायची आणि तिला मगरचिमटा लावायचा. एक चिमटा फॉइलला, दुसरा टूलला. दर १० मिलिमीटरवर एक टेका धरला तर छोट्या पॅनेलला शंभरेक टेके होतात. पंधरा-वीस मिनिटं लागतात, चहा करून घ्यावा. मग पॅनेल जागचं न हलवता फॉइल हलक्या हातानं काढायची आणि कोरायला लावायचं. सुरकुती राहिली तर त्या जागी अक्षर उथळ येतं, एवढीच काळजी.

स्पिंडल, म्हणजे टूल फिरवणारा भाग, मात्र रद्दी आहे. ७७५ नंबरची डीसी मोटर, तिला थेट कोलेट, म्हणजे टूल धरणारी पकड, लावलेलं. डायलवर टूलचं टोक ०.०८ डोलताना दिसलं. ३ मिलिमीटरच्या अक्षरात 'ए' किंवा 'बी' ही इंग्रजी अक्षरं आली की आत रंगाचं एवढंसं बेट उरतं. टूल डोलत असेल तर ते बेट उडून जातं आणि तिथं उजेडाचा ठिपका पडतो. मी कोलेट आणि नट चांगल्यातले घेतले, डोलणं ०.०३ वर आलं. पुढं जमलं तर अख्खा स्पिंडल बदलीन. मशीनच्या किमतीत तेवढे तीन-चार हजार आधीच धरून ठेवा.

वेगाचंही सांगते, कारण यात मी चार तुकडे वाया घालवले. टूल मोडेल या भीतीनं मी ते अगदी हळू चालवत होते. ॲक्रिलिकला हळूपणा मानवत नाही. शंभर-सव्वाशे अंशांच्या आतच ते मऊ पडतं, चुरा टूलला चिकटतो आणि अक्षराच्या कडेला मेणासारखी कड उभी राहते. मिनिटाला ३०० मिलिमीटर ठेवल्यावर चुरा कोरडा उडायला लागला. शीट घेताना कास्ट, म्हणजे साच्यात ओतलेलं, मागा. स्वस्तातलं एक्स्ट्रुडेड, म्हणजे यंत्रातून दाबून काढलेलं, जास्त चिकटतं. चुरा मात्र वीज भरल्यासारखा सगळ्याला चिकटतो, पडद्याला, चष्म्याला, मांजराला.

अक्षरांसाठी कॉम्प्युटरमधले नेहमीचे फॉन्ट चालत नाहीत. त्यात अक्षराची कड असते, मशीन दोन्ही कडांनी फिरतं आणि एवढ्या लहान मापात दोन्ही रेघा एकमेकींत मिसळतात. एकेरी रेघेची अक्षरं लागतात. अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेतल्या ए. व्ही. हर्शी यांनी १९६७ साली अशी अक्षरं तयार करून ठेवली आहेत, ती आजही फुकट मिळतात आणि विमानातल्या अक्षरांच्या बरीच जवळ जातात. त्यात देवनागरी नाही. वरच्या मजल्यावरच्या काकूंना दारावर उजेडाची पाटी हवी होती, तेव्हा मी आडनाव हातानं रेघ रेघ काढलं. शिरोरेषा आधी कोरली तर उभ्या काना-दांड्या तिला भिडताना रंगाचे टवके निघतात, म्हणून ती शेवटी. अनुस्वारासाठी टूल नुसतं टोचलं तर टाचणीचं भोक पडतं, छोटं वर्तुळच फिरवावं लागतं. काकू खूश आहेत. 'ळ' मला अजून आवडलेला नाही.

रंगात घाई करू नका. शीटची चकाकी बारीक पॉलिश पेपरनं मारायची, आधी काळ्याचे दोन पातळ हात, त्यावर करडा. ७३७ चा करडा म्हणून हौशी लोक आरएएल या रंगांच्या यादीतला ७०११ नंबर वापरतात. गाड्यांच्या रंगाच्या दुकानात नंबर सांगून मला तो करून मिळाला. काळा हात चुकवलात तर करड्यातून उजेड गाळल्यासारखा झिरपतो. कोरण्याआधी पॅनेलमागे मोबाइलचा टॉर्च धरून अंधारात बघा, आकाशात चांदण्या दिसल्या तर अजून एक हात. आणि चार दिवस वाळू द्या. दुसऱ्या दिवशी कोरलं तर रंग दुधावरच्या सायीसारखा ओढला जातो.

मागच्या दिव्यासाठी पांढरेशुभ्र एलईडी आणू नका. जुन्या विमानांत पॅनेलच्या आत ५ व्होल्टचे बारीक बल्ब असत, त्यांचा उजेड तांबूस. पिवळसर छटेचे एलईडी घ्या आणि पॅनेलपासून निदान १५ मिलिमीटर मागे ठेवा, नाहीतर ज्याच्या पाठीशी एलईडी आला ते अक्षर तेवढं भडकतं.

आता लाईट जाण्याबद्दल. या मशीनला आपण कुठं होतो हे आठवत नाही. साध्या संचात कडेचे स्विच येत नाहीत, वीज गेली की ते जिथं आहे तिथंच शून्य समजतं. जूनमध्ये पहिल्या पावसात चाळीस मिनिटांचं काम झाल्यावर लाईट गेली आणि अख्खं पॅनेल गेलं. तेव्हापासून फळीत दोन पिनांची भोकं पाडून ठेवली आहेत. पॅनेल पिनांवर बसवायचं, टूल पहिल्या पिनेवर आणून शून्य मारायचं, अर्ध्यातून पुढं चालू. रेघ किंचित सरकते, ती मला दिसते, बाकी कुणाला नाही.

एखाददुसरी पाटी हवी असेल तर मशीन घेऊ नका. कोरीव काम करणाऱ्या चांगल्या माणसाला दोन हजार द्या आणि मोकळे व्हा. माझी सहा पॅनेल्स झाली आहेत, अजून पाच करायची आहेत, त्यामुळे मला परवडलं. तयार मशीन म्हणून पाचात दोन गुण. फळी, टूल, कोलेट आणि फॉइल यांच्यासकट चार.

पहिलं धड झालेलं पॅनेल मी डब्यात घालून उद्यमनगरात नेलं. काकांनी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं, अंधारात बॅटरी जोडून बघितलं, चष्मा कपाळावर सरकवून नाक टेकेपर्यंत जवळ नेलं. "उजवीकडचा शेवटचा आकडा जाड आलाय," म्हणाले. आला होता.